ज्या गावाला गाडी जात नाही

लातूर ते नांदेड हे अंतर पुकाऱ्या एका श्वासात जायचा.

"नांदेड-नांदेड-नांदेड, चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड, नांदेड, चला आक्का, चला मामा, पोतं वर टाका, पोरगं मांडीवर घ्या, निघाली-निघाली-निघाली." हे सगळं मधे कुठंही न तोडता. शेवटच्या 'निघाली'नंतरही त्याच्या छातीत एवढी हवा उरायची की समोरच्या सायकलवाल्याला "भाऊ, गाडीत बसायचंय का गाडीखाली" हे त्याच श्वासात विचारून व्हायचं. जीप अर्थातच निघालेली नसायची. ड्रायव्हर पलीकडं चहा पीत असायचा आणि जीपमध्ये एक म्हातारी नि तिची कोंबडी एवढेच प्रवासी असायचे.

लातूरच्या स्टँडाबाहेर काळ्या-पिवळ्या जीपची वाट बघत ज्यांनी अर्धं कॉलेज काढलं त्यांना पुकाऱ्या कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जीपवाल्यांना प्रवासी हाकारून देणारा तो पुकाऱ्या. असे पुकारे करणारे स्टँडावर बरेच होते, पण हे नाव फक्त त्यालाच लागलं. घरी तो मुजीब. अम्मी मोंढ्यात धान्याच्या पोत्यांचा फाटका बारदाना शिवायची, बाप ट्रकवर हैदराबादकडं गेला तो तिकडचाच झाला. आठवीत शाळा सुटली आणि स्टँड लागलं. पोलिसांची धाड आली की काठी पहिली त्याच्या पिंढरीवर पडायची. जीप कुणाची, हे पोलिसांना माहीत असायचं. जीपचा मालक कुठल्या पुढाऱ्याचा कोण, हेही माहीत असायचं. म्हणूनच काठी ज्याच्या मालकीचं काहीच नाही त्याच्यावर पडायची. कायदा आमच्याकडं असाच चालतो, खालून वर, आणि वर पोचायच्या आत दमतो.

मी तेव्हा लातूरला अकरावी-बारावी करत होते आणि आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटायचं काम माझ्याकडं होतं. स्टँडावर पत्रकं वाटताना पुकाऱ्यानं एक मागून घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "पत्रकबाई, हे वाचायला माणूस थांबलेला पायजे. इथं थांबलेला माणूस हाय कुठं?"

"मग काय करायचं?"

"आन इकडं." आणि तो जीपच्या फूटबोर्डवर चढला. माझ्या पत्रकात 'शासनाच्या विद्यार्थीविरोधी धोरणाचा तीव्र निषेध' असं एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता. तो तिथं अडकला. "तीव्र म्हणजे कुठल्या फाट्याला उतरायचं?" बाया हसायला लागल्या. मग त्यानं ते वाक्य बाजूला टाकलं आणि त्याच्या चालीत म्हणाला, "पास महाग झाला, पोरगी घरी बसली. पोरगी घरी बसली, बापानं स्थळं बघितली. बघितली-बघितली-बघितली." जीपमधल्या म्हातारीनं कोंबडी सोडून पत्रक हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ते घडी घालून कनवटीला लावलं. तेव्हापासून मी पत्रकात 'तीव्र' लिहिलेलं नाही.

स्टँडाचा एक नियम होता आणि तो सांगितल्याशिवाय पुकाऱ्या कळायचा नाही. जीपना नंबर लावून द्यायचं काम बशीरचाचांचं. दाढी मेंदीनं रंगवलेली, कमरेला पट्टा, हातात खडू. पुकारा करणाऱ्या पोरांना त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं की वेळेचं खोटं चालतं, गावाचं खोटं चालत नाही. जीप निघाली नसली तरी निघाली म्हण, एक शिट राहिली म्हण, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या गावाला गाडी जात नाही त्या गावाचा पुकारा करायचा नाही. माणूस त्या नावावर भरवसा ठेवून चढतो.

हा नियम ज्यानं मोडला त्यानं पाण्याच्या रांजणाशेजारच्या ओट्यावर जाऊन बसायचं. फसवलेला प्रवासी घरी पोचला असा निरोप येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. चहा मागायचा नाही, शिवी द्यायची नाही, कुणी शिवी दिली तर उत्तर द्यायचं नाही. मारहाण नाही, दंड नाही. ज्याचं पोटच तोंडावर त्याला एवढं पुरायचं.

पुकाऱ्या नवा असताना त्या ओट्यावर बसून आला होता. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा. एका म्हाताऱ्यानं आडवळणाच्या गावाचं नाव विचारलं, यानं घाईत "हाव, जाते, बसा" म्हटलं. ड्रायव्हरनं म्हाताऱ्याला भर उन्हात फाट्यावर उतरवलं. "निरोप काय येईना. सगळा स्टँड माझ्यासमोर येऊन जांभया देऊन राहिला. एक जण तर माझ्यापुढं उभा राहून माझाच पुकारा करून दाखवून राहिला, ते पण बेसूर. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, म्हणला, म्हातारा माझ्या गाडीवर गेला, पोचला, जेवला. तवा चाचा म्हणले, बोल. मी काय बोललो असंन?"

"काय?"

"काहीच न्हाई. तोंडच उघडंना. दिवसभर बंद ठिवलं की बिजागरी गंजते."

आमचं गाव धानोरा. लोह्याच्या अलीकडं फाटा आहे, तिथून आत. पूर्वी गावात एसटी यायची, ती उत्पन्न नाही म्हणून बंद केली. मग रस्ता मोठा झाला, चकाचक झाला, नेत्यांनी नारळ फोडले, आणि त्या दिवसापासून भरधाव गाड्या फाट्यावर थांबायच्याही बंद झाल्या. विकास म्हणतात तो आमच्या गावावरून असा न थांबता गेला. माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून घरी बसल्या. मी टिकले कारण लातूरला मावशी होती. ज्यांना मावशी नव्हती त्यांची लग्नं झाली. शिक्षणाचा हक्क आमच्याकडं मावशीवर अवलंबून आहे.

मी पुकाऱ्याला एकदा म्हटलं, "सगळ्यांच्या गावांची नावं घेतोस, आमच्या धानोऱ्याचं एकदा घे की."

"फाट्याचं घेतो ना. धानोरा फाटा, धानोरा फाटा."

"फाट्यावर कोण राहतं? गावाचं घे."

तो एरवी कशालाही हसायचा, याला हसला नाही. "गाडी फाट्यापस्तोर जाते, पत्रकबाई. गावाचं नाव मी घेणार न्हाई. ज्या दिवशी गाडी गावात जाईल त्या दिवशी पयला पुकारा माझा. लई लांबलचक करीन. तुझ्या आईला चुलीपाशी ऐकू जाईल."

आई त्याला ओळखायची. दवाखान्याला लातूरला येताना-जाताना तो तिची पिशवी टपावर न टाकता सीटखाली ठेवायचा आणि "सावित्राआक्का, पाय पसरा, तिकीट तेवढंच हाय" म्हणायचा. आई घरी येऊन सांगायची, त्या मुसलमानाच्या पोरानं माझं नाव ध्यानात ठेवलंय. आमच्या भागात माणसाचं नाव ध्यानात ठेवणारे दोघंच, सावकार आणि निवडणुकीतला उमेदवार. हा तिसरा निघाला म्हणून तिला त्याचं कौतुक.

धानोऱ्यासह त्या रस्त्यावरच्या गावांना एसटी द्या म्हणून आम्ही आगाराच्या फाटकासमोर धरणं धरलं. मुलीच जास्त होत्या. आमची भाषणं झाली, कुणी ऐकली नाहीत. दुपारी दोन जीपच्या मधल्या रिकाम्या वेळात पुकाऱ्या तिथं आला, कुणीतरी पत्र्याच्या पिंपावर हात मारायला लागलं, आणि त्यानं त्याचा रस्ता सुरू केला.

"चाकूर उतरलं चहाला, अहमदपूर लग्नाला,
माळाकोळीची म्हातारी डोळ्याच्या दवाखान्याला,
धानोरा फाटा, धानोरा फाटा, पाठीवर दप्तर,
हात केला, हात केला, आलं न्हाई उत्तर,
गाडी आली, गाडी गेली, काच न्हाई उघडली,
दहावीची पोरगी बारावीआधी उजवली."

याला रॅप म्हणतात हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. एका मुलीनं मोबाइलवर घेतलेलं ते गाणं तोवर नांदेडच्या हॉस्टेलांत, उदगीरच्या टपऱ्यांवर, निलंग्याच्या उसाच्या ट्रॅक्टरांवर पोचलं होतं. मुरुडच्या बाजारात एक भाजीवाली त्याच चालीत वांगी विकते असंही आमच्या कानावर आलं. लोक त्याला फोन करून आपल्या गावाचं नाव गाण्यात घाल म्हणायचे. तो प्रत्येकाला विचारायचा, "गाडी जाते का?" आणि नसली जात तर फाट्याचं नाव विचारून घ्यायचा.

एसटी मिळाली नाही. आम्हाला निवेदन स्वीकारल्याचा शिक्का मिळाला. पुकाऱ्याला मात्र पुण्याची गाण्यांची कंपनी मिळाली.

खोटं कशाला लिहू, आम्हाला आनंद झाला. मी तोवर नांदेडला विद्यापीठात आले होते आणि त्याचा पहिला मोठा कार्यक्रम नांदेडलाच झाला. मैदान भरलेलं. आमच्यासारख्या खेड्यांतून आलेली, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, भरतीची आणि परीक्षांची तयारी करणारी पोरं. त्यानं माइक हातात घेऊन गावं घ्यायला सुरुवात केली आणि ज्याचं त्याचं गाव आलं की तो तो कोपरा उसळायचा. मी सभा पुष्कळ पाहिल्या. आपल्या गावाचं नाव मोठ्या आवाजात ऐकून माणसं अशी उभी राहिलेली मी कुठल्याच सभेत पाहिली नाहीत.

कंपनीनं त्याला 'एमसी पुकार' केलं, गळ्यात साखळी घातली, केसांची एक पट्टी पिवळी केली. लातूरच्या चौकात त्याचा फलक लागला. अम्मीचं बारदाना शिवणं बंद झालं आणि घराला स्लॅब पडला. तो गाडी घेऊन स्टँडावर आला तेव्हा बशीरचाचांनी काचेवर खडूनं नंबर टाकला. "गाडी तेरी है, स्टँड मेरा. लाईन में लगा." त्यानं मुकाट्यानं जीपच्या मागं गाडी लावली आणि आपला नंबर येईपर्यंत कपबशीतून चहा पीत बसला.

मग गाण्यातली गावं जायला लागली. कंपनीत एक सर होते, फार गोड बोलायचे. ते त्याला म्हणाले, मुंबई घे, दुबई घे, हे लोहा कुणाला माहीत आहे?

"लोह्याला माहितीय," पुकाऱ्या म्हणाला.

सर हसले म्हणे, पाठ थोपटली म्हणे, आणि लोहा काढून टाकलं. 'उजवली'ची ओळही गेली, ती ऐकून मूड जातो म्हणून. पुढच्या गाण्यांत गाड्या आल्या, घड्याळं आली, आणि दुश्मन आले. प्रत्येक गाण्यात दुश्मन. मी त्याला फोनवर विचारलं, "हे तुझे दुश्मन आहेत तरी कोण?"

"कंपनीनं दिलेत. मी अजून भेटलो न्हाई."

"आणि फाट्यावरच्या पोरी?"

"त्या हायेत ना मनात."

"मनात कशाला? गाण्यात घे."

"गाणं माझं न्हाई राहिलं, पत्रकबाई. सही केलेली हाय. 'फाटा'चं गाणं मी लातूरच्या चौकात म्हणलो तरी कंपनीला विचारावं लागतं." हे तो असं बोलला की जणू पाऊस लांबल्याची बातमी देतोय. धरण्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्याला बोलावलं तेव्हा तो आला, पाठीमागं सतरंजीवर बसला, आणि त्याचंच गाणं मुली म्हणत होत्या ते ऐकून टाळ्या वाजवून गेला. मला त्या टाळ्यांचा राग आला होता. आता नाही येत.

घसा तर कधीचाच चालला होता. लहानपणापासून डिझेलच्या धुरात ओरडलेला घसा, त्यावर एका दिवशी लग्न, दुसऱ्या दिवशी शोरूमचं उद्घाटन, तिसऱ्या दिवशी कुणा भाऊंचा वाढदिवस. आवाज फाटायला लागला तर कंपनी म्हणाली, फाटका आवाजच खपतो. शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून स्वरयंत्रावरच्या गाठी दाखवल्या आणि दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही असं बजावलं.

आवाज फाटायच्या थोडं आधी पुण्याला एक काम झालं होतं. ते त्यानं मला नांदेडच्या दवाखान्याबाहेर, बंदी लागायच्या आदल्या दिवशी, घोगऱ्या आवाजात फार खुशीत सांगितलं. कंपनीनं त्याला काचेच्या खोलीत बसवून मराठवाड्यातल्या गावांची नावं म्हणायला लावली होती. समोरच्या पडद्यावर नाव यायचं, यानं म्हणायचं. आधी साधं, मग हसून, मग लांब हाकारून. गावांची संपली की बायाबापड्यांची नावं. मग मामा, मावशी, आक्का, खाला.

"सगळ्या गावांचं एक गाणं करून राहिलेत," तो म्हणाला. "एक बी सुटलं न्हाई पायजे म्हणले सर. कुणी केलं असंन का असं गाणं?"

"धानोरा?"

"आलं ना पडद्यावर. मी विचारलं, गाडी जाते का ह्या गावाला. हसले सगळे. सर म्हणले, गाण्यात गाडी कशाला लागते? ते पण खरं हाय. गाणं म्हणजे काय पुकारा न्हाई." मग तो म्हणाला, "म्हणलं मग. गाणंच हाय म्हणून म्हणलं."

दवाखान्यात त्याला सरांचा फोन आला होता. तेही त्यानं कौतुकानं सांगितलं. सर म्हणाले होते, तू निवांत आराम कर, आवाज आमच्याकडं आहे.

बंदीच्या दुसऱ्या महिन्यात मी लातूरला त्याच्या घरी गेले. निवडणुकीचे दिवस होते. गल्लीतून भोंग्यांच्या रिक्षा फिरत होत्या. पुकाऱ्या नव्या स्लॅबखाली गादीवर बसलेला, मांडीवर लहान पोरांची पाटी, त्यावर खडूनं लिहायचा आणि पुसायचा. मला बघून त्यानं लिहिलं, 'तीव्र आनंद.' अम्मी आतून म्हणाली, "बैठ गे बेटी. हल्दी का दूध पिला पिला के थक गई मैं. मुँह बंद है तो हुकूम लिख लिख के देता. पैलेइच अच्छा था, चिल्लाता था पर काम तो करता था."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गावाहून आई. घरात आवाज नसल्यामुळं तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अगं, बरा झाला की तुझा पुकाऱ्या."

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणंल, आत्ता बोलला ना माझ्याशी. फोन आला. सावित्राआक्का म्हणला. तसंच म्हणला बघ, स्टँडावर म्हणतो तसं. घसा अगदी सुटलाय."

मी पुकाऱ्याकडं पाहिलं. त्याच्या हातातला खडू थांबला होता.

"काय म्हणाला आणखी?"

"गावाचं नाव घेतलं की. धानोरा-धानोरा-धानोरा, चला आक्का, गाडी येणार, गावात येणार, पाराजवळ येणार, निघाली-निघाली-निघाली. आन मग त्या निवडणुकीतल्या भाऊंचं निशाण सांगितलं."

"आई, फाटा म्हणाला की गाव?"

"गाव म्हणला. फाटा कशाला म्हणंल आता? गाडी गावात येणार हाय ना. तूच सांगत हुतीस, गाडी आल्याबिगर तो गावाचं नाव घेणार न्हाई. घेतलं बघ शेवटी. शेजारच्या कांताला पण आला फोन. तिला कांतामावशी म्हणला. गल्लीत सगळ्यांला आलाय." मी 'आई, ऐक' म्हणेपर्यंत ती पुढं गेली होती. "पोरगं शब्दाचं पक्कं निघालं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुकाऱ्यानं पाटी पुसली. मग अम्मीचा फोन वाजला.

अम्मीनं तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकून उतरंडीवर ठेवला आणि पिठाच्या हातांनी ऐकायला लागली. खोलीत पुकाऱ्याचा आवाज आला. गाठी व्हायच्या आधीचा, स्वच्छ, स्टँडावरचा. "हलीमाआक्का, हलीमाआक्का, चला आक्का, लातूरच्या नळाला रोज पाणी येणार." पुढं निशाण.

अम्मी आधी हसली. "अगे, ये मेरेकू आक्का बोल रा." मग तिनं गादीकडं पाहिलं. तिचा मुलगा तोंड मिटून बसलेला होता आणि त्याचा आवाज उतरंडीवरून तिला पाण्याचं सांगत होता. तिनं हात पुसले नाहीत, तसाच पिठाचा हात फोनवर ठेवला. आवाज तिच्या हाताखालून येतच राहिला.

आम्ही काहीच केलं नाही असं नाही. मी तक्रार लिहिली, काचेच्या खोलीतल्या त्या नावांवरून कंपनीनं यंत्रावर त्याचा आवाज बनवला, आवाजाची चोरी झाली म्हणून. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, चोरीला गेलाय तर फोनवर बोलतोय कोण? कंपनीकडं विचारणा केली तर सरांनी गोड आवाजात त्याच्या सहीची आठवण करून दिली. वकील म्हणाले, बघू. निवडणुकीच्या कार्यालयात म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं, शिक्का मिळाला. मी पत्रक काढलं, 'हा आवाज त्याचा नाही.' गावात वाटायला गेले तर आईच मला म्हणाली, "तुला काय पडलंय? गाडी येतीय तर येऊ दे की." भाऊ निवडून आले. धानोऱ्यानं त्यांना भरभरून मतं दिली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अम्मीचा फोन बंद झाल्यावर पुकाऱ्या उठला आणि चपला घालून चालायला लागला. मी मागोमाग गेले. फलकावर अजून त्याचा साखळी घातलेला फोटो होता, त्याखालून तो मान खाली घालून गेला. दोन पोरांनी ओळखून सेल्फी मागितला, तो थांबला, फोटो दिला, पुढं निघाला. स्टँडावर जीप लागल्या होत्या. एक नवा मुलगा त्याच्याच चालीत नांदेड-नांदेड करत होता. पुकाऱ्या सरळ रांजणापाशी गेला आणि ओट्यावर बसला.

पोरांना गंमत वाटली. "ओ एमसी, शूटिंग हाय का?" एकानं विचारलं. बशीरचाचांनी खडू कानावर अडकवला आणि जवळ आले.

"किसका पॅसेंजर?" त्यांनी विचारलं.

तो बोलू शकत नव्हता, आणि बोलायचंही नव्हतं. मी सांगितलं. काचेची खोली, पडद्यावरची नावं, आईचा फोन, अम्मीचा फोन. चाचांना कंपनी आणि यंत्र किती कळलं मला माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव यानंच घेतलं होतं?"

"त्याला वाटलं गाणं आहे, चाचा."

"घेतलं ना पण."

पुकाऱ्यानं मान हलवली.

"कौनसे गाँव का?"

पुकाऱ्यानं हात उचलला आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नांदेडकडं, उदगीरकडं, निलंग्याकडं, मुरुडकडं.

चाचांनी त्या हातामागोमाग मान फिरवली. "फिर तो बैठना पडेगा, बेटा," ते म्हणाले आणि त्यांनी पोरांना तिथून हाकललं.

डॉक्टरनं सांगितलेले दोन महिने कधीच संपले. गाठी विरल्या, घसा चांगला आहे असं डॉक्टर म्हणतात. अम्मी सांगते, घरी पाटीवरचं लिहिणंही कमी झालंय. ती पुन्हा मोंढ्यात बारदाना शिवायला जाते. कंपनीला त्याची गरज नाही. त्याची नवी गाणी येत असतात, त्यात तो जोरात असतो, दुश्मनांना दम देतो. मध्यंतरी कुठल्याशा खासगी क्लासची जाहिरात त्याच्या आवाजात आली, मुलांना नावानं हाक मारणारी. ती आमच्या फाट्यावरच्या पोरींनाही आली. त्यांतल्या दोघींची लग्नं ठरली आहेत.

मी लातूरला गेले की स्टँडावर उतरते. तो ओट्यावर असतो. मी शेजारी बसते, हातात असेल ते पत्रक त्याला देते, तो वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो. नवी पोरं त्याला पाणी देतात. गिऱ्हाईक कमी असलं की त्याच्याकडं बघून चालीतली चूक दुरुस्त करतात, तो बोटानं ओट्यावर ताल धरतो आणि चुकलं की बोट थांबवतो. मला परत निघताना बशीरचाचा दर वेळी एकच प्रश्न विचारतात. विचारताना त्यांचं तोंड माझ्याकडं असतं, पण आवाज ओट्याला ऐकू जाईल एवढा असतो.

"पोचली का गं गाडी, तुझ्या गावाला?"

पुकाऱ्याचं बोट थांबतं. मी नाही म्हणते. दवाखान्याला निघालेली आई सकाळीच फाट्यापर्यंत चालत आलेली असते, आणि रस्त्याच्या कडेला हात करून उभी असते.

तो पुन्हा समोर बघायला लागतो.